दोन अर्ज आणि तीन मेंढरं

माघ सरत आला की आमचं शिवार आठवड्याभरात मोकळं होतं. परवापर्यंत डोक्याच्या वर उभी असलेली ज्वारी बाया-माणसं दोन्ही हातांनी मुळासकट उपटतात, आडवी टाकतात, आणि मागं राहते भेगाळलेली काळी जमीन, वाळका पाला, चुकार कणसं. वाऱ्याला अडवायला काही उरत नाही. ढोकीच्या कारखान्याकडं निघालेले उसाचे ट्रॅक्टर दूरच्या रस्त्यानं जातात, पण त्यांच्यावरची गाणी आमच्या अंगणात वाजल्यासारखी ऐकू येतात. हरभऱ्यातून चालत आलं की पोटऱ्यांना पानांवरची आंब लागते आणि दिवसभर चुरचुरते. मळणी यंत्राचा भुसा नाकात, केसात, चहाच्या कपात. ह्या दिवसांना आम्ही सुगी म्हणतो. शहरातली माणसं हुरडा खायला येतात, फोटो काढतात आणि ‘किती शांत आहे इथं’ म्हणून जातात. शांत काही नसतं. सुगीतच भांडणं होतात, कारण बांध उघडे पडलेले असतात.

ह्याच मोकळ्या रानात धनगरांची मेंढरं येतात. ज्याचं रान तो त्यांना बोलावतो. चार दिवस माझ्या शेतात मेंढरं बसवा, लेंड्यांचं खत पडू द्या, बदल्यात धान्य न्या, असा जुना रिवाज. मग रानात जाळी लावून मेंढरं कोंडतात, घोडीच्या पाठीवरचं सामान उतरवतात, आणि त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. यंदाही वाडा आला. मी चार दिवसांसाठी घरी आले होते. सकाळी दात घासत उभी होते तेव्हा घोडीच्या गळ्यातली घंटा ऐकू आली, पाठोपाठ लोकरीचा आणि ओल्या लेंड्यांचा वास आला. ह्या दिवसांत कुणाला आंब्याचा मोहोर आठवत असेल. मला अर्ज आठवतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, धाराशिवला. पिशवीत दोन अर्ज घेऊन फिरत होते. एक समाजकार्याचा, म्हणजे एम.एस.डब्ल्यू.चा. दुसरा गुन्हेगारीशास्त्र आणि फौजदारी न्याय ह्या विषयातल्या एम.ए.चा. भरायचे होते ऑनलाइन, पण मी ते छापून घेतले होते. कागद हातात असल्याशिवाय मला विचार करता येत नाही. ती सवय पत्रकांनी लावली.

आमची एक संघटना होती. अकरा-बारा पोरंपोरी, एक लाऊडस्पीकर, आणि पत्रकं लिहायला मी. रेशन दुकान बंद असलं की पत्रक. वसतिगृहाला पाणी नसलं की पत्रक. गुलाबी, पिवळा, जो स्वस्त असेल तो कागद. छापखान्यातून आणला की तासभर हाताला शाई लागायची. संघटनेत आम्ही ज्याला नुसतं दादा म्हणायचो त्यानं मला पत्रकाचा नियम शिकवला होता. पहिल्या ओळीत राग. दुसऱ्या ओळीत आकडा. शेवटी कुठं आणि कधी जमायचं ते. ‘मधलं कुणी वाचत नाही,’ असं तो म्हणायचा. मी तीन वर्षं तसं लिहिलं आणि मधलं मीही वाचलं नाही.

कुठला अर्ज भरायचा ह्यावर सगळ्यांना बोलायचं होतं. दादा म्हणाला, “समाजकार्य म्हणजे जखमेवर फुंकर. आपल्याला मारणाऱ्याचा हात धरायचाय.” मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात घालून टाकलं. कॉलेजात समाजशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना एम.एस.डब्ल्यू. बरं वाटत होतं. त्यांनी मला स्टाफरूमबाहेर थांबवून सांगितलं, “अश्विनी, तुला बोलायला येतं. माणसाजवळ गप्प बसायला येत नाही. ते शिकवतात तिथं जा.” मला राग आला. मी मनात म्हटलं, गप्प बसवायला तर सगळं गाव बसलंय, त्यासाठी पदवी कशाला?

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई. त्यांनी दोन्ही अर्ज चष्मा लावून वाचले.

“ह्यात काय शिकवत्यात?”

सांगितलं.

“आन ह्यात?”

तेही सांगितलं.

“म्हंजे दोन्हीतबी लोकांच्या भानगडी,” अण्णा म्हणाले. “त्या तर तू फुकटात करतीस.”

सेवा केंद्रावर अर्ज भरून देणारा संतोष तर हसत सुटला. “ताई, गुन्हेगारीत एम.ए.? आपल्याकडं लोकं बिनशिकताच करतेत की!” मग आवाज खाली करून म्हणाला, “पर पोलिसात ओळख झाली तर सांगा. गाडी धरलीय माझी.”

खरं सांगायचं तर माझं ठरलेलं होतं. मला न्याय पाहिजे होता, दया नको होती. असं एक वाक्य मी भिंतीवर रंगवलेलंसुद्धा होतं. समाजकार्य शिकलेली माणसं मी शिबिरांत पाहिली होती. ती अन्याय झालेल्या बाईला पाणी देतात, रुमाल देतात, आणि अन्याय करणाऱ्याला चहा देतात. चीड यायची. दुसरा अर्ज भरून टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि मेंढरं आली.

अण्णांच्या थोरल्या बहिणीचं, ठकूआत्याचं, घर अजून मेंढरांमागं चालतं. अण्णांनी लग्नाआधीच ते सोडलं, नोकरी धरली, सिमेंटचं घर बांधलं. आत्या आणि तिचा नवरा, ज्यांना मी मामा म्हणते, दर सुगीला आमच्या गावच्या रानात वाडा लावतात. लहानपणी सुट्टीत मी तिथंच असायची. मेंढीचं दूध चहात घातलं की चहा घट्ट होतो, वर तुपासारखे डोळे तरंगतात. नवं कोकरू हातात घेतलं की त्याचं काळीज आपल्या तळहातात उडतं. हे मला पत्रकात कधी लिहिता आलं नाही. त्याचा कुठं आणि कधी जमायचं ह्याच्याशी संबंध नव्हता.

त्या दिवशी मी धाराशिवला होते. सकाळी अण्णांचा फोन आला. “मामाला मारलंय. ये.”

वाड्याशेजारच्या रानातल्या हरभऱ्याच्या दोन ओळी मेंढरांनी खाल्ल्या होत्या. खाल्ल्या होत्या, त्यात वाद नाही. मामांनी कबूल केलं होतं आणि भरपाईला धान्य देतो म्हणाले होते. पण शेताचे मालक दोघं भाऊ होते, तरणे, गरम डोक्याचे. त्यांनी मामांच्या खांद्यावर काठी घातली आणि हाताला लागली ती मेंढरं हाकलून नेली.

मी पोहोचले तेव्हा मामा घडी घातलेल्या घोंगडीवर बसले होते. खांदा सुजून वर आलेला. आत्या जमिनीवर बसली होती.

“किती जण होते?” मी विचारलं. “काय म्हणाले? जातीवरनं बोलले का?”

“पाणी पी आधी,” आत्या म्हणाली.

“पाणी नको मला. उठा. ठाण्यात चला.”

“आगं, बस की जरा. सांगते.”

“तिथं सांगा आत्या. इथं सांगून काय उपयोग?”

हे मी बोलले. शब्दन् शब्द आठवतं.

ठाण्यातला अंमलदार वयस्क माणूस होता. पत्रकात मी पोलिसांबद्दल जे लिहायची त्यातलं काहीच त्यानं केलं नाही. आत्याला खुर्ची दिली, मामांना दवाखान्याची चिठ्ठी दिली, आणि कागद पुढं ओढून क्रमानं विचारायला लागला. नाव, वय, धंदा, राहणार. राहणारपाशी पाच मिनिटं गेली, कारण आत्या म्हणाली, “आता हितंच, उन्हाळ्यात सीनाकाठी.” त्यानं आमच्या घराचा पत्ता घातला. पुढचा मजकूर मी सांगत गेले. ‘अमानुष’ शब्द मी दोनदा घातला, त्यानं एकदा खोडला. मग त्यानं विचारलं, “नेली किती?”

आत्यानं मामांकडं बघितलं.

“बाई, मेंढरं किती नेली?”

“बांडी नेली,” आत्या म्हणाली. “काळतोंडी नेली. आन बांडीच्या पाठीमागं फिरती ती, लांब कानाची.”

“म्हणजे किती?”

आत्यानं पदर तोंडाला लावला.

इथं सांगितलं पाहिजे, वाड्यावर मेंढरं मोजत नाहीत. तोंडानं आकडा काढत नाहीत. मोजलेल्या मेंढरांना नजर लागते, ती कमी होतात, असं मानतात. दिवस मावळताना आत्या जाळीच्या तोंडाशी उभी राहते, आत जाणाऱ्या एकेकीचं तोंड बघते, आणि शेवटी म्हणते, “ती नकटी कुठाय?” आणि ती नकटी खरंच मागं कुठं तरी बाभळीच्या शेंगा खात असते. शेकड्यात असलेली मेंढरं ती तोंडावरून ओळखते. आकडा तिनं आयुष्यात कधी काढला नसेल. हे मला ठाऊक होतं. त्याच वाड्यावर मी वाढले होते. एकदा लहानपणी बोटानं मोजायला लागले म्हणून तिनं माझ्या बोटावर चापट मारली होती.

पण मी आता शिकलेली होते. अंधश्रद्धा ह्या विषयावर माझी तीन पत्रकं होती. अंमलदार पेन उचलून वाट बघत होता, बाकावर मागं माणसं होती, आणि आत्या पदर लावून बसली होती. मला तिची लाज वाटली. खरं तेच लिहिते. आणि दुसरंही खरं लिहिते. आत्यानं तीन मेंढरं सांगितली हे मला ऐकू आलं होतं. पण तीन म्हणजे काय? तीन मेंढरांसाठी कोण गोळा होतं? दुसऱ्या ओळीत तीन कसा घालायचा?

“बारा,” मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. मग रिवाजाप्रमाणं सगळी फिर्याद वाचून दाखवली. बारा आलं तेव्हा आत्यानं माझ्याकडं पाहिलं. ती नजर सांगता येणार नाही. ते खोटं होतं हे तिला कळलं होतं, पण खोडायचं तर तोंडानं खरा आकडा काढावा लागला असता. ती वाकली आणि मामांच्या सहीखाली तिनं अंगठा उठवला.

त्यानंतरच्या काळात मी पुष्कळ जबाब वाचलेत. सगळे एकाच माणसानं दिल्यासारखे असतात. ‘मी वरील ठिकाणी राहण्यास असून’ असे सुरू होतात, आणि मध्ये ‘लाथाबुक्क्यांनी मारहाण करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हे येतंच येतं. मेलेला माणूस असो, पळवलेली मोटारसायकल असो, भाषा तीच. वाचताना मला कधी कधी त्या बाईचा आवाज कानावर आणायचा प्रयत्न करावासा वाटतो, जी समोर बसून काही तरी वेगळंच बोलली असेल. येत नाही. कागदानं तो आवाज गिळलेला असतो. पोलिसांना शिव्या देणं सोपं आहे, मी पुष्कळ दिल्यात. पण त्या दिवशी आत्याचा आवाज पोलिसानं गिळला नाही. तो बांडी, काळतोंडी, लांब कानाची हे ऐकत होता. थोडं थांबला असता तर त्यानं बोटावर मोजलं असतं. थांबू दिलं नाही ते मी.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचनामा झाला. दोघा भावांच्या गोठ्यात मेंढरं सापडली. प्रत्येक धनगराची मेंढरांच्या कानाला कापून केलेली खूण वेगळी असते; मामांची खूण जुळली. पंचांनी मान हलवली. त्या क्षणापर्यंत दोघं भाऊ खाली मान घालून उभे होते. मग अंमलदारानं कागद बघितला आणि म्हणाला, “ही तीन. बाकीची नऊ?”

आणि मी बघितलं, दोघांच्या माना वर आल्या. त्या मानांत बळ आलं. ते बळ मी दिलं होतं.

पुढचं सगळं फार लवकर झालं. खोटी फिर्याद, खोटी फिर्याद, असं सांजपर्यंत गावभर झालं. बाकीची नऊ कुठं लपवली म्हणून उलट मामांनाच विचारायला लागले. किराणा दुकानावर एक म्हातारा मला बघून म्हणाला, “काय ओ बारावाली, साखर किती किलू देऊ? का अंदाजानंच?” सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते, मला हसू आलं नाही एवढंच.

चार दिवसांनी पारावर बैठक बसली. चांगली माणसं होती सगळी. कुणी आवाज चढवला नाही. एक जण म्हणाले, “झालं ते झालं. वावरं तीच, मेंढरं तीच, पुढच्या साली परत तोंडं बघायचीच हायत.” ह्या वाक्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर त्याचा जास्त राग आला. मेंढरं परत मिळालीच होती. आमची काही तक्रार नाही, असं दोन्हीकडून लिहून दिलं गेलं. चहा आला. मामांनी उजवा खांदा वर होत नव्हता म्हणून डावा हात छातीशी नेऊन त्या दोघांना नमस्कार केला. ज्यांनी मारलं त्यांना. त्यांनीही केला, हसत केला. आत्या बायकांत मागं बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जळजळीत पत्रक असेल ते. धाराशिवला छापखान्यात नेलं. मालकानं वरून खाली वाचलं, चष्मा काढला आणि सहज म्हणाला, “ह्या बारीला आकडा न्हाय व्हय ताई?” त्याला काही ठाऊक नव्हतं. मी कागद त्याच्या हातातून काढून घेतला आणि एसटीनं परत आले.

त्यानंतर मी वाड्याकडं गेले नाही. परीक्षा आहे म्हणून सांगितलं. परीक्षा होतीच. चैत्रात सोनारीला भैरवनाथाची यात्रा भरते, घरचे सगळे गेले, आत्याही गेली असणार. मी पुस्तक उघडं ठेवून घरी बसले. उन्हानं पत्रे तडतडायचे. दोन्ही अर्ज मी भरून टाकले होते, कारण आता माझं काहीच ठरलेलं नव्हतं. कधी वाटायचं, मॅडम म्हणतात तेच. मी पाच मिनिटं गप्प बसले असते तर आत्यानं सांगितलेली तीनच लिहिली गेली असती. कधी वाटायचं, नाही. गप्प बसून ऐकणारी माणसं पारावरही होती की. चहा पिऊन गेली. आणि कधी मला त्या फिर्यादीच्या कागदाचाच राग यायचा. त्यात संख्येला जागा होती, तोंडाला नव्हती. आत्या ज्याच्यावरून मेंढरू ओळखते ती ओळख पुरावा म्हणून चालत नाही, आणि मी अंदाजानं ठोकलेला आकडा चालतो, हे कसलं शहाणपण? पण असा राग आला की लगेच शंकाही यायची. आपली चूक कागदावर ढकलायला चांगली सोय सापडली बघ.

एम.एस.डब्ल्यू.च्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, काम करताना झालेली एक चूक सांगा. मी सांगितलं, एकदा परवानगी न घेता मोर्चा काढला. समोरची माणसं हसली. चूक सांगतानाही मी शौर्यच सांगितलं. बाहेर आले आणि नळाखाली तोंड धुतलं.

वैशाखात दोन्हीकडच्या याद्या लागल्या. दोन्हींत माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत एका जागेला होकार कळवायचा होता. अण्णा म्हणाले, “वाडा उद्या हलतोय. आत्या सीनाकाठानं खाली जायची. भेटून ये.” मग बूट घालता घालता म्हणाले, “किती दिवस तोंड चुकवणार हायस?” त्यांना सगळं ठाऊक होतं तर.

सकाळी गेले. मेंढरं पुढं निघून गेली होती, मामा त्यांच्याबरोबर. आत्या घोडीवर सामान लादत होती. भांड्यांची पोती, घोंगड्या, जाळीची गुंडाळी, आणि सगळ्यात वर डालग्यात दोन कोकरं, नुसती तोंडं बाहेर.

“आलीस व्हय,” ती म्हणाली. “ही दोरी धर.”

मी दोरी धरली. म्हटलं, “आत्या, माझं चुकलं.”

“वढून धर. सैल सोडू नको.”

मी ओढून धरली. तिनं गाठ मारली, घोडीच्या पोटाखालून दुसरं टोक काढलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “राग माझा हुता, अश्वे. तू उचलून घिऊन गेलीस. मला काय ठिवलंस?”

मी तिथंच ढेकळावर बसले. विचारलं, “त्या दिवशी काय झालं होतं आत्या?”

ती सांगायला लागली. आदल्या दिवसापासून सांगायला लागली. एक मेंढी व्यायली होती, कोकरू उलटं आलं होतं, त्यामुळं मामांचा डोळा लागला नव्हता, म्हणून सकाळी मेंढरं हरभऱ्याकडं वळली ते त्यांना लवकर दिसलं नाही. पिशवीत वही होती, मी ती काढली नाही. ऊन वर चढलं. ती मधेच थांबून घोडीला हाड् म्हणायची आणि जिथं सोडलं तिथून परत धरायची.

“थोरल्यानं काठी घातली,” ती म्हणाली. “ते ठाव हाय सगळ्यास्नी. धाकटा माझ्याकडं आला. भाकर तव्यावर हुती. त्यानं लाथ घातली चुलीला. तवा तिकडं, भाकर तिकडं, इस्तू सगळा पसरला. पायानं चुलीचं दगड उधळलं त्यानं. एक, मग दुसरा. सावकाश. माझ्याकडं बघत.”

तिनं दोरीचा पीळ परत आवळला.

“मामाचा खांदा बरा हुईल. मेंढरं आली. पर आमाला काय दार हाय का, भिताड हाय का? म्या जिथं तीन दगड मांडते, तितं माझं घर. लगीन झाल्यापासनं असंच. त्यानं माझं घर पाडलं. आन हे कुणी इचारलंच न्हाय.”

“मला सांगायचं होतं तुम्ही.”

“सांगत हुते की. पाणी पी म्हणलं हुतं.”

रानात कुणी नव्हतं. वारा गरम सुटला होता, आणि काल मेंढरं बसली होती तिथली लोकर काट्याकाट्याला लागून हलत होती. मी विचारलं, “तुम्हाला काय पाहिजे होतं आत्या? त्याला आत टाकायला?”

“आत घालून मला काय?” ती म्हणाली. “त्यानं यावं. जसं उधळलं तसं हातानं मांडावं. माफीबी नगं मागायला. मांडावं आन जावं.”

एवढंच मागणं होतं. फिर्यादीत नव्हतं, पंचनाम्यात नव्हतं, पारावर नव्हतं, माझ्या जळजळीत पत्रकात तर नव्हतंच. मॅडमचं बरोबर होतं. बसले असते तर त्याच दिवशी कळलं असतं. पण कळल्यावर पुढं काय? त्या धाकट्याला ह्या रानात परत आणून, वाकवून, बाईसमोर दगड कुणी मांडायला लावले असते? पारावर हे सांगितलं असतं तर ती चांगली माणसं हसली असती. चुलीचं काय एवढं, दगडाला काय तोटा, म्हणाली असती. ठाण्यात सांगितलं असतं तर अंमलदारानं ऐकून घेतलं असतं आणि कुठं लिहावं म्हणून पेन उचलून बसला असता. ऐकणारं कुणी तरी पाहिजे हे खरं. पण ऐकल्यावर त्या माणसाला उठून यावंच लागेल, असं काही तरी पाहिजे, आणि ते कुठंच नव्हतं.

“दोन ठिकाणी नाव लागलंय माझं,” मी म्हटलं. “आज पाचपर्यंत एक सांगायचंय.”

“कशाकशात?”

मी जमेल तसं सांगितलं. एकात दुखावलेल्या माणसाजवळ कसं बसायचं, त्याला कसं उभं करायचं ते शिकवतात. दुसऱ्यात गुन्हा झाल्यावर पोलीस, कोर्ट, शिक्षा, हे सगळं कसं चालतं ते. आत्यानं डालगं हलवून घट्ट बसलंय का बघितलं. एका कोकराच्या डोक्यावर हात ठेवला.

“ह्या दुसऱ्यात,” ती म्हणाली, “चूल मांडायला लावत्यात का त्याला?”

“न्हाय आत्या. तसं कुठं लिहिलेलंच नाही.”

तिनं घोडीचा कासरा हातात घेतला, पदर खोचला.

“मग त्या दुसऱ्याकडंच जा. लिव्ह तितं,” म्हणाली, आणि चालायला लागली.